संपूर्ण हृदय आणि उरलेला वेळ

‘ब’ वर्षाच्या सामान्यकाळातील एकतिसाव्या रविवारी संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील एक परिचित उतारा आपल्या देवळांतून वाचला जातो. सर्व आज्ञांमध्ये पहिली आज्ञा कोणती, असे एक शास्त्री प्रभू येशूला विचारतो. परमेश्वरावर संपूर्ण हृदयाने, जिवाने, बुद्धीने आणि शक्तीने प्रीती करणे ही पहिली आणि शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करणे ही दुसरी, असे प्रभू त्याला सांगतो. २०२४ साली हा रविवार ३ नोव्हेंबरला आला होता. आदल्या दिवशी मृतांच्या स्मरणदिनी लावलेल्या मेणबत्त्यांचे मेण दफनभूमीतील कबरींवर अजून थिजलेले होते. सकाळच्या मिस्सेत आम्ही या उताऱ्यावर प्रवचन केले आणि ते बरे झाले असावे, असे आमचे आम्हांलाच वाटले.

मिस्सा संपल्यावर देवळाच्या दाराशी उभे असताना चाळिशी उलटलेल्या एक बाई आमच्याजवळ आल्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्यामुळे त्यांचे रविवारी देवळात येणे क्वचितच होई. कबरीवर फुले वाहायला दीर गावी आला होता आणि तो आईजवळ बसल्यामुळे त्या दिवशी त्यांना सवड मिळाली होती. त्या म्हणाल्या, “फादर, सगळं मन देवालाच द्यायचं म्हणता, मग घरच्यांना काय द्यायचं? उरलंसुरलं?”

प्रश्नात उपरोध नव्हता. आम्ही लगेच उत्तर दिले, “देवाला दिलं म्हणजे सगळ्यांना दिल्यासारखंच आहे.” बाई म्हणाल्या, “बरं, फादर,” आणि घाईने फाटकाबाहेर पडल्या. ‘बरं, फादर’ या दोन शब्दांत आपली माणसे आम्हा धर्मगुरूंना किती वेळा क्षमा करतात, हे पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर आम्हांला कळून चुकले आहे. आमचे उत्तर खोटे नव्हते. पण ते पाठ केलेले होते, आणि त्यांचा प्रश्न त्यांच्या रोजच्या जगण्यातून आलेला होता. तो प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. त्याचा विचार करताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या आज्ञेचे शब्द पाहू. प्रभूने दिलेले उत्तर त्या शास्त्र्याला नवे नव्हते. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातले ते वचन श्रद्धाळू यहुदी आजही सकाळी आणि संध्याकाळी म्हणतात. ‘ऐक’ असा अर्थ असलेल्या पहिल्या शब्दावरून त्याला ‘शेमा’ हे नाव पडले आहे. मराठीत हृदय म्हटले की माया, ओलावा आणि काहीसा हळवेपणा मनात येतो. हिब्रू माणसाचे हृदय निराळे होते. तो हृदयाने विचार करी, हृदयाने निवड करी आणि निश्चयही हृदयानेच करी. म्हणून देवावर संपूर्ण हृदयाने प्रीती करणे म्हणजे अष्टौप्रहर गहिवरलेले असणे नव्हे. ज्या ठिकाणी माणूस ‘हे करीन’ आणि ‘हे करणार नाही’ असे ठरवतो, ते ठिकाण देवाच्या स्वाधीन करणे, असा तिचा अर्थ आहे.

त्या वचनातील ‘शक्ती’साठी मूळ शब्द ‘मेओद’ असा आहे. एरवी तो ‘खूप’, ‘अतिशय’ अशा अर्थाने येतो. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात यहुदी आचार्यांनी त्याचा एक सरळ अर्थ दिला आहे, तो म्हणजे आपली मालमत्ता. संपूर्ण हृदयाचा अर्थ सांगतानाही ते म्हणतात की, मनातील चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही ओढींसह देवावर प्रीती करावी. म्हणजे वाईट ओढ संपली, मन निर्मळ झाले, मगच देवाजवळ यावे, असा हिशेब येथे नाही. जसे आहे तसे सगळे मन आणि त्याबरोबर कनवटीचे पैसेसुद्धा, असा त्या आज्ञेचा पसारा आहे.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. सगळे देवाला दिले तर घरच्यांना काय उरते, या प्रश्नामागे हृदयाची एक कल्पना दडलेली आहे. हृदय म्हणजे जणू जमिनीचा तुकडा. वसईच्या लोकांना वाटणी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. एका एकराचे चाळीस गुंठे; चार भाऊ असले तर प्रत्येकाचे दहा. एकाला अधिक मिळाले की दुसऱ्याला तेवढे कमी. हृदयाची वाटणी आपण अशीच करू पाहतो. इतके गुंठे नवऱ्याचे, इतके मुलांचे, इतके नोकरीचे, आणि कोपऱ्यातले दोन गुंठे देवाचे. आठवड्याच्या १६८ तासांपैकी रविवारचा एक तास, नोव्हेनाचे नऊ दिवस आणि सणाची वर्गणी दिली की देवाचा वाटा चुकता झाला, असे आपल्याला वाटते. अशा मनाला कोणी सांगितले की देव सबंध एकर मागतो आहे, तर ते घाबरणारच. मग बाकीच्यांनी जायचे कुठे?

परंतु प्रीती जमिनीसारखी असते काय? ज्या घरात एक मूल आहे, तेथे दुसरे आले म्हणून आई पहिल्याची अर्धी माया काढून घेत नाही. चार मुलांच्या आईला विचारा. प्रत्येकाच्या वाट्याला चतुर्थांश आई आली, असे ती म्हणणार नाही. प्रत्येकावर ती सगळीच्या सगळी प्रीती करते. वाटला जातो तो तिचा वेळ. वाटली जाते तिची झोप, तिचे कष्ट आणि कधी कधी ताटातली पोळी. जे मोजता येते ते वाटावे लागते आणि वाटले की कमी होते. प्रीती त्या जातीची नाही.

येथे कोणी म्हणेल, “फादर, ही पळवाट झाली. वेळ दिला नाही, पण प्रेम आहे, असे तर मुलांकडे ढुंकून न पाहणारा बापही म्हणतो.” हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. ज्या प्रीतीसाठी कधीच वेळ निघत नाही, ती प्रीती म्हणजे नुसता बोलघेवडेपणा. वेळ हा प्रीतीचा पुरावा आहे. पण तो तिचे माप नाही. आजारी मुलाजवळ आई रात्रभर बसते आणि धडधाकट मुलाला दोन शब्दांत निजायला पाठवते. म्हणून धाकटा लाडका आणि थोरला नावडता, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. कोणाला किती वेळ द्यायचा हे गरज ठरवते. हृदय कोणाचे आहे, हा प्रश्न त्याहून निराळा आहे.

हाच भेद संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात फार स्वच्छपणे मांडला आहे. सेमिनरीत असताना परीक्षेसाठी आम्ही तो पाठ केला होता. कळला मात्र पुष्कळ पुढे. माणसाची प्रीती या जगात परिपूर्ण होऊ शकते काय, असा प्रश्न उपस्थित करून ते तीन प्रकार सांगतात. पहिल्यात हृदय प्रत्येक क्षणी प्रत्यक्ष देवाकडे लागलेले असते. हे स्वर्गात होईल, येथे नाही, कारण मानवी दुर्बलतेला ते झेपत नाही. दुसऱ्यात माणूस जीवनाच्या गरजा भागवण्यापुरते सोडून आपला सारा वेळ आणि प्रयत्न देवाला वाहतो. हे येथे शक्य आहे, पण सर्वांच्या वाट्याला येत नाही. तिसऱ्यात माणसाने आपले हृदय देवाच्या ठायी असे ठेवलेले असते की, त्या प्रीतीच्या विरुद्ध जाणारे काही तो मनात धरीत नाही आणि इच्छीतही नाही. हा तिसरा प्रकार देवावर खरी प्रीती करणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

संत थॉमस यांनी ही परिपूर्णता केवळ मठवासीयांसाठी राखून ठेवलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजातील पाचव्या प्रकरणात तेच अधिक मोकळेपणाने सांगितले. पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे. विवाहितांना, विधवांना, कष्टकऱ्यांना आणि आजाऱ्यांनाही. तेव्हा संपूर्ण हृदयाची कसोटी घड्याळावर लावायची नाही. देवाच्या प्रीतीला जे विरोधी आहे, असे काही आपण हृदयात जपून ठेवले आहे काय, हे पाहायचे.

ही कसोटी ऐकायला सोपी वाटते. पण पहिल्या दोहोंपेक्षा ती अवघड आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा या दांपत्याची कथा आहे. त्यांनी शेत विकले, पैशांतला काही भाग मागे ठेवला आणि उरलेला भाग सगळी रक्कम म्हणून प्रेषितांच्या चरणी ठेवला. पुष्कळांना वाटते की, सगळे दिले नाही म्हणून त्यांना शासन झाले. तसे नाही. शेत तुझेच होते आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच अधिकारात होते, असे पेत्र त्याला स्पष्ट सांगतो. त्यांचा अपराध अर्धे देण्याचा नव्हता. अर्धे देऊन ते संपूर्ण म्हणून दाखवण्याचा होता. संपूर्ण हृदयाचा खरा शत्रू लहान हृदय नव्हे. त्याच अध्यायाच्या शेवटी, ज्यातून आमचा लेख सुरू झाला, मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी विधवा आहे; तिचे दान सगळ्यांत लहान होते आणि संपूर्ण होते. शत्रू आहे तो दुभंगून अखंड दिसणारे हृदय.

हे लिहिताना आम्हांला स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, वेदीच्या नूतनीकरणासाठी एका गृहस्थांनी मोठी देणगी दिली. वडिलोपार्जित वाडी विकून त्यांच्या हाती पैसे आले होते. आम्ही मिस्सेच्या शेवटी त्यांचे नाव घेतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वेदीच्या बाजूला त्यांच्या आईवडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी बसली. सणाच्या नंतरच्या आठवड्यात त्यांची विवाहित बहीण आमच्याकडे आली. ती म्हणाली, “फादर, वेदी फार सुंदर झाली. माझ्याही वडिलांच्या वाडीतली आहे ती.” मग तिने सांगितले की, सातबाऱ्यावरून वडिलांचे नाव कमी करायचे आहे, वाटणी नंतर घरात बसून करू, असे सांगून भावाने तिला निबंधकांच्या कचेरीत नेले आणि तिची सही घेतली. ते हक्कसोडपत्र होते, हे तिला वाडी विकली गेल्यावर कळले.

मृत्युपत्र नसेल तर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा आहे, हे आम्हांला ठाऊक होते. तरी आम्ही तिला म्हणालो, “कोर्टकचेरीच्या गोष्टीत धर्मगुरूने पडू नये, बाळ. मी प्रार्थना करीन.” आम्ही प्रार्थना केलीही. परंतु ती प्रार्थना म्हणजे लपण्याची जागा होती, हे तेव्हाही आमच्या मनाच्या एका कोपऱ्याला ठाऊक होते. वेदीचे उरलेले काम अजून व्हायचे होते आणि ते गृहस्थ आणखी देणार होते.

अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी समेट कर, अशा अर्थाचा प्रभूचा उपदेश संत मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे. त्या वेदीवर आम्ही आठ महिने मिस्सा केली. शेवटी एका संध्याकाळी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि बहिणीच्या वाट्याविषयी बोललो. ते शांतपणे म्हणाले, “देणगी घेताना तुम्ही हे विचारलं नव्हतं, फादर.” त्यांचे म्हणणे खरे होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी पाटी काढून नेली आणि त्यांचे कुटुंब दुसऱ्या देवळात जाऊ लागले. बहिणीला तिचा वाटा आमच्या माहितीप्रमाणे अजून मिळालेला नाही. उशिरा बोललेले सत्य पुष्कळदा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. त्या गृहस्थांचे हृदय दुभंगलेले होते की नाही, हे देव जाणे; आमचे होते, हे आम्ही जाणतो.

या प्रसंगाने बाईंच्या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. घरच्यांचे घेऊन देवाला देता येत नाही. संत मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. आईवडिलांना ज्याचा उपयोग व्हावयाचा, ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केलेले आहे, असे म्हणून काही जण आपली जबाबदारी टाळीत. माणसांच्या परंपरेसाठी तुम्ही देवाचा शब्द रद्द करता, असा दोष प्रभूने त्यांना दिला. देव आपल्या नावाने कोणाच्या ताटातले उचलून घेत नाही.

मग संत लूकच्या चौदाव्या अध्यायातील कठोर वचनाचे काय? जो आईबाप, बायकामुले यांचा द्वेष करीत नाही, त्याला माझा शिष्य होता येणार नाही, असे तेथे प्रभू म्हणतो. हे वचन आम्ही प्रवचनात बहुधा घाईघाईने ओलांडतो. यहुदी बोलण्याच्या पद्धतीत ‘द्वेष करणे’ म्हणजे ‘कमी प्रिय मानणे’, असे स्पष्टीकरण देता येते आणि ते बरोबरही आहे; पण त्याने वचनाची धार जात नाही आणि जाऊही नये. त्या बहिणीच्या भावाला कदाचित आपल्या मुलांसाठीच वाडी हवी होती. मुलांच्या प्रेमापोटी माणसे खोटी कागदपत्रे करतात, लाच देतात, शेजाऱ्याचा बांध कोरतात. जे प्रेम देवाच्या वर जाऊन बसते, ते मुलांचेही भले करीत नाही. पापाचा वारसा त्यांच्या नावावर चढवते.

संत ऑगस्टीन यांनी सद्गुणाची व्याख्याच प्रीतीचा योग्य क्रम अशी केली आहे. देव हा आपल्या प्रीतीच्या यादीतला आणखी एक हक्कदार नव्हे. त्यामुळे त्याची मुलाबाळांशी स्पर्धा असूच शकत नाही. खिडकीतून उजेड आत आला म्हणजे खोलीतल्या खुर्चीची जागा अडत नाही. उलट खुर्ची नीट दिसू लागते. देवाला संपूर्ण हृदय दिलेला माणूस मुलावर कमी प्रीती करीत नाही. ते मूल आपल्या मालकीचे नाही, हे त्याला दिसू लागते, आणि मग तो त्याच्यावर त्याच्या भल्यासाठी प्रीती करतो. आमच्या त्या पाठ उत्तराचा खरा अर्थ हाच होता. परंतु हा अर्थ आम्हांला स्पष्ट करून दाखवला तो त्या बाईंनीच.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो. सासूबाईंची स्मृती गेलेली. सुनेला त्या कधी आपली मेलेली बहीण समजत, कधी चोर. बाईंनी त्यांचे तोंड पुसले, उशी सारखी केली आणि मेणबत्ती लावली. विधी झाल्यावर आम्ही त्यांच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचा विषय काढला. त्या संकोचून म्हणाल्या, “मी पहाटे चारला उठते, फादर. गॅस पेटवताना क्रुसाची खूण करते आणि म्हणते, आजचा दिवस तुझा. मग फुलांच्या पुड्या, डबे, ह्यांचं अंथरूण-पांघरूण. दिवसभर देवाची आठवणसुद्धा येत नाही. रात्री आडवी झाले की वाटतं, सकाळी दिलेला दिवस मीच वापरून टाकला.”

त्या जी प्रार्थना करीत होत्या, ती त्यांना त्यांच्या आईने शिकवली होती. दिवसाच्या आरंभी आपली कामे, सुखे आणि दुःखे देवाला अर्पण करण्याची ही रीत प्रार्थनेच्या प्रेषितकार्यामुळे घरोघर पोहोचली; १८४४ साली फ्रान्समध्ये येशूसंघीयांच्या एका सेमिनरीत त्या कार्याचा आरंभ झाला. आपल्या आयाआज्यांनी ही प्रार्थना चुलीपुढे बसून म्हटली आहे. संत थॉमस यांचा तिसरा प्रकार आम्ही ग्रंथात वाचला होता. त्या दिवशी तो आम्ही एका स्वयंपाकघराच्या दारात पाहिला. दिलेली वस्तू तिची आठवण राहिली नाही म्हणून परत घेतलेली होत नाही. ती परत घेतली जाते ते तिच्याविरुद्ध इच्छा केल्याने. बाईंनी दिवस वापरला होता, हे खरे. पण तो ज्याचा होता त्याच्याच कामी वापरला होता.

हे आम्ही त्यांना सांगितले. आणखी एक गोष्टही सांगितली. आजारपण किंवा लहान मुलांची देखभाल यांसारख्या गंभीर कारणाने रविवारची मिस्सा चुकली, तर ते पाप होत नाही, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात म्हटले आहे. दर पापनिवेदनात त्या तेच पाप सांगत आल्या होत्या. जे पाप नव्हते त्याचे ओझे त्यांनी वर्षानुवर्षे वाहिले आणि आम्ही धर्मगुरूंनी ते उतरवले नाही. सासूबाईंवर आपण कधी कधी फार ओरडतो, हेही त्यांनी सांगितले. त्यांना देवी ठरवण्याची आमची इच्छा नाही.

उलट त्यांना देवी ठरवण्यातच घरच्यांची सोय होती. “वहिनीसारखी सेवा कोणी करणार नाही,” असे दीर म्हणत होता आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावी परतत होता. एखाद्या स्त्रीच्या भक्तीचे कौतुक करून आपले हात कोरडे ठेवणे, हे आपल्या काळातले ‘कुर्बान’ होय. आम्ही त्यांच्या यजमानांशी आणि मुलाशी बोललो. या वेळी आठ महिने थांबलो नाही. आता रविवारी सकाळी कॉलेजात जाणारा मुलगा आजीजवळ बसतो आणि संध्याकाळच्या मिस्सेला येतो.

येथे एका गैरसमजाविषयी सावध करणे आवश्यक आहे. ‘काम हीच पूजा’ असे म्हणत प्रार्थना सोडून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे काम बहुधा स्वतःचीच पूजा असते. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे व्रतस्थ होते. १६९१ साली ते वारले. त्यांना मठाच्या स्वयंपाकघरात काम करावे लागे आणि त्या कामाचा त्यांना मुळीच ओढा नव्हता. तरी भांड्यांच्या गडबडीत आपण देवाच्या सान्निध्यात असतो, असा त्यांचा अनुभव होता. तो अनुभव पुष्कळ वर्षांच्या कोरड्या, चिकाटीच्या सरावाने आला होता. मन भटकले की ते त्रागा न करता परत आणीत. दिवस देवाचा आहे असे एकदा म्हणायचे आणि पुन्हा कधी त्याच्याकडे पाहायचेच नाही, अशी प्रीती हळूहळू नावापुरती उरते. परगावी नोकरीला असलेला नवरा दिवसभर बायकोचा विचार करीत नाही, तरी तो तिचाच असतो. परंतु त्याने कधी पत्र लिहिले नाही, फोन केला नाही, तर ‘तिचाच’ या शब्दाला किती दिवस अर्थ राहील?

आणि आपल्याच मातीतले उदाहरण द्यायचे तर संत गोन्सालो गार्सिया यांचे. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा माणूस येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तेथे त्यांचा धर्मशिक्षक म्हणून राबला. पण त्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात तो ब्रदर झाला. धर्मगुरू कधीच झाला नाही. १५९३ साली फ्रान्सिस्कन मिशनरी जपानला निघाले, तेव्हा त्यांना दुभाषी हवा होता आणि जपानी भाषा गोन्सालो यांना येत होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस साथीदारांबरोबर ते क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. आपण त्यांच्या हौतात्म्याचा सण करतो. आम्हांला मात्र त्यांची ती मधली वर्षे अधिक जवळची वाटतात. नाकारले गेल्यावरची, देण्याघेण्याच्या हिशेबातली वर्षे. पुढे देवाच्या उपयोगी पडली ती भाषा त्याच जगातल्या माणसांशी रोज बोलून टिकलेली असणार. आयुष्यातले कोणते दिवस देवाचे आणि कोणते वाया गेलेले, हे आपल्याला आज ठरवता येत नाही.

तेव्हा आपण काय करावे? आम्हांला तीन लहान गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सकाळी, हातात मोबाइल घेण्याच्या आधी, दिवस देवाला द्यावा. त्याला एक मिनिटही लागत नाही. रात्री दोन मिनिटे आत्मपरीक्षण करावे. आज देवाची आठवण किती वेळा झाली, याची मोजदाद करू नये. जे देवाला दाखवण्याची लाज वाटेल, असे काही आज मी मनात जपले काय, एवढेच विचारावे. आणि वर्षातून एकदा, शक्यतो उपवासकाळात, घरातल्यांनी एकत्र बसून पाहावे की, आपल्या घरात कोणाचा वाटा अडकून पडला आहे काय. जमिनीचा, श्रमाचा किंवा दोन गोड शब्दांचा. पाटीवर नाव घालण्याआधी हे पाहिलेले बरे.

त्या शास्त्र्याची गोष्ट आम्ही अर्धीच सांगितली होती. प्रभूचे उत्तर त्याला पटले. देवावर आणि शेजाऱ्यावर अशी प्रीती करणे हे सर्व होमबलींपेक्षा मोठे आहे, असे तो स्वतःच म्हणाला. तेव्हा, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस, असे प्रभूने त्याला सांगितले. तो दूर नव्हता. पण आत होता, असेही प्रभू म्हणाला नाही. त्याला उत्तर येत होते. आम्हांलाही येत होते. त्या रविवारी देवळाच्या दाराशी आम्ही ते दिलेही होते.

आता पहाटे उठल्यावर प्रार्थनाविधीचे पुस्तक उघडण्यापूर्वी आम्ही त्या बाईंचे तीन शब्द म्हणतो. मग दिवसभरात पुष्कळदा विसर पडतो. रात्री पुन्हा आठवण येते आणि त्या वेळी त्या बहिणीचा चेहराही आठवतो. दोन्ही देवापुढे ठेवून आम्ही दिवा मालवतो.